आवाज न करणारा डबा

सीताबर्डीतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता तो समोरच्या मशीनवर तळहात ठेवी, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

उन्हाळ्यात लाईट गेली की आमच्या इन्व्हर्टरवर एकतर ह्यांचा कूलर चाले, नाहीतर माझा रमीचा कॉम्प्युटर. भांडण मात्र दोन्ही वेळी चाले. म्हणून त्या मेकॅनिकनं जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर घालून मला नवा कॉम्प्युटर, एक छोटा डबाच, बांधून दिला.

दुकानात मी बटण दाबलं. काहीच आवाज नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

"बंद काहून करून राहिल्या, आजी? चालूच होता! बॅटरीवर जगायची सवय आहे त्याले. कमी खाते, तापत नाही, मग पंखा कायले?"

"आवाज नाही तर काम काय करणार?"

"आवाज करणाराच पाहिजे काय तुम्हाले?"

विशीत मला तसाच हवा होता. दोन शांत, शहाणी स्थळं नाकारून मी ह्यांना होकार दिला, तो ह्यांच्या फटफटीचा आवाज ऐकून.

काल भर दुपारी लाईट गेली. कूलर चालला, डबाही चालला. तळहात ठेवून पाहिला, नुसता कोमट. मी डाव मांडला. हे कूलरसमोर घोरत होते, थेट फटफटीसारखे.