तलावाच्या पाळीवर गेलेले पुस्तक

वाचनालयाने ब्लॉग कशासाठी लिहावा, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. ती खात्री एका अपराधातून आली आहे. म्हणून आधी अपराध सांगतो.

अहेरीच्या आमच्या लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. दाराशी एक काळा फळा असे. मुदत उलटलेली पुस्तके ज्यांच्याकडे अडकली, त्यांची नावे मी आठवडी बाजाराच्या दिवशी त्यावर लिहीत असे. बाजाराला आलेली माणसे ती वाचत, “काय मास्तर, तुमचंबी नाव लागलं का?” अशी थट्टा करत. पुढच्या बाजारी पुस्तक परत येई आणि मी नाव पुसून टाकी. त्यात कोणाला अपमान वाटत नसे.

पुढे वाचनालयात संगणक आला, आणि मी ब्लॉग सुरू केला. नव्या पुस्तकांच्या याद्या मी तिथे निष्ठेने टाकत राहिलो. कित्येक महिने तिकडे कोणी फिरकले नाही. दाराशी लोक काय वाचतात, याचा मी विचार केला आणि एके दिवशी फळ्यावरची नावे जशीच्या तशी ब्लॉगवर चढवली. वाचणारे एकदम वाढले. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

आठवडाभरात यादीखाली एक प्रतिक्रिया आली. “तिसरं नाव माझ्या आईचं आहे. इथे नागपूरला वसतिगृहातल्या मुली ते वाचून हसल्या. माझी आई पुस्तकचोर नाही.”

तिसरे नाव एका मासे विकणाऱ्या बाईंचे होते. नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या वर्गात, मुलगी कडेवर असताना, त्या अक्षरे शिकल्या होत्या. त्यांच्या गावातून आमच्या सभासद झालेल्या त्या एकट्याच. बाजारात टोपले रिकामे झाले की हात धुऊन, पदराला पुसून त्या पुस्तक निवडायला येत. त्यानंतरचे दोन बाजार त्या आल्या नाहीत. मी यादी काढून टाकली, फळाही कोरा केला. पण एवढ्या कष्टाने पुस्तकाला लागलेला हात माझ्यामुळे कायमचा सुटेल, ही भीती काही जाईना. अखेर मी बसने निघालो आणि फाट्यापासून त्यांच्या गावापर्यंत चालत गेलो.

तलावाच्या पाळीवर मोहाच्या सावलीत सात-आठ बाया जाळी विणत होत्या. त्यांच्या मध्ये बसून आमच्या सभासद बाई मोठ्याने वाचत होत्या. पुस्तक समुद्रातल्या माशांविषयीचे होते.

“घरायेवढा मासा म्हंते,” एक म्हातारी म्हणाली. “मंग त्याले कोनत्या टोपल्यात नेते वो बाई?”

“तुह्या बुढ्याच्या धोतरात!” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मला पाहताच हसणे थांबले.

“भाऊ, पुस्तक न्याले आले का?” बाईंनी विचारले.

“नाही. माफी मागायला आलो.”

“काऊन? फळ्यावर त नेहमीच लिवता. मी नाव पुसाले येतच होती, पन पुस्तक संपलं नाई. दिवसाले दोन पानं होते, हात जाळ्यात असते ना आमचे. पोरीचा फोन आला, रडून राह्यली होती. मंग मले तुमच्या दाराशी उभं राहाची लाज वाटली.”

“ते नाव मी पुसलं, बाई.”

“दिसलेलं पुसते का, भाऊ?”

मी म्हणालो, “तुमची परवानगी असेल, तर आज इथे जे पाहिलं ते लिहितो. तुम्हाला वाचून दाखवतो, मगच चढवतो.”

त्यांनी शेजारच्या जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाल्या, “लिवा. मायं नाव नोका लिवू. गावाचं लिवा, अन् धोतराचं नक्की लिवा.”

मी तिथेच वहीत लिहिले आणि वाचून दाखवले. म्हातारीने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ती करून मी मजकूर ब्लॉगवर टाकला. शीर्षक दिले, ‘हे पुस्तक सध्या कुठे आहे’. कामासाठी हैदराबादला, पुण्याला गेलेली आमच्या भागातली माणसे त्याखाली लिहू लागली. कोणी आपल्या तलावातल्या माशांची नावे दिली, कोणी आजीची आठवण. त्या गर्दीत नागपूरहून एक ओळ आली: “आई, त्या मोठ्या माशाचं शेवटी काय झालं?”

मी ती ओळ कागदावर उतरवून त्यांच्या गावी जाणाऱ्या एकाबरोबर पाठवली. पुढच्या बाजारी बाई आल्या. टोपले दाराशी ठेवून माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

“लिवा, भाऊ. पोरी, अजून संपलं नाई. तू सुट्टीत ये, शेवटची पानं तूच वाच. आमी थांबतो.”

मी ते अक्षरशः तसेच टंकले. फळ्यावर पुन्हा कधी कोणाचे नाव लिहिले नाही. त्या दिवसापासून तिथे पुस्तकाचे नाव आणि ते ज्या गावी आहे त्याचे नाव असे. त्या दिवशी जाताना बाईंनी तेच माशांचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले.

“आता तारीख जरा लांबची टाका,” त्या म्हणाल्या. मी पोरीच्या सुट्टीनंतरची तारीख टाकली.