खांबाला मानकरी हवा

सिमेंटचा खांब पाली गावाच्या पुढे रस्त्यातच पडला होता. भोवती चाळीस धट्टीकट्टी माणसं उभी होती आणि एकही जण हात लावत नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वीज मंडळात ज्युनियर इंजिनियर. आदल्या दिवशीच्या वादळाने टेकडीवरचा विजेचा खांब पाडलेला, आंब्याची झाडं आडवी केलेली, ट्रक पुढे जाईना. खांब खांद्यावरून टेकडीवर न्यायचा होता. वरच्या दवाखान्याच्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये गावच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही वाड्यांतल्या पोरांचे पोलिओचे डोस होते. मिरकरवाडा बंदरातल्या मासेवाल्यांनी पाटीभर बर्फ पाठवला होता. डोसांना सुरमईचा वास येत होता, पण ते थंड होते. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, "बर्फ सहापर्यंत टिकेल. मग डोस फेकायचे."

बारा वाजले होते. लाइनमन सावंतला विचारलं, "अडलंय कुठे?"

"पुढच्या खांद्यावर, साहेब."

शिमग्यात नाचवतात त्या देवाच्या पालखीचा पुढचा खांदा कोणाचा, या मानावरून इथे कोर्टकचेऱ्या होतात.

"पुढचा खांदा वरच्या वाडीचा," वरच्या वाडीचे तात्या म्हणाले.

"तो पालखीला! खांबाला कुठं लिवलाय?" खालच्या वाडीचे दाजी कडाडले.

मी खांबावर चढून भाषणच ठोकलं. "मंडळी, पुढे खांबाचं बूड राहणार. बूड म्हणजे जमिनीत पुरायचा भाग. सगळ्यांत जड!"

वाटलं, आता माघार घेतील. दोन्ही वाड्या दुप्पट चेकाळल्या.

"मग मान तिसऱ्यालाच द्या!" मी वैतागलो. माझ्या डोळ्यांपुढे सावंत होता.

तात्या-दाजींनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"बराबर. सायब पाव्हणे. पुढचा खांदा सायबांचा!"

खांब आडव्या बांबूंना बांधला. पुढच्या बांबूखाली मी, जोडीला सावंत, मागे दोन्ही वाड्या सरमिसळ. चढ संपून कातळाचा सपाट सडा लागला आणि मागचे पाय ठेक्यात पडू लागले.

"अरे, नाचवू नका! तडा जाईल!"

"सायब, पालखीला कवा तडा गेलाय?"

खड्डा खणून तयार होता. पावणेसहाला लाइन चार्ज केली, म्हणजे वीज सोडली. फ्रिज घरघरला. डॉक्टरीणबाईंनी पाटीत डोकावून पाहिलं. मूठभर बर्फ उरला होता. तो त्यांनी रुमालात बांधून माझ्या खांद्यावर ठेवला. पुढचे चार दिवस मला सुरमईचा वास येत होता.

तेव्हापासून वादळानंतर कुठल्याही गावात गेलो, की ट्रकमधून खांब उतरवण्याआधी मी विचारतो, "इथे पुढचा खांदा कोणाचा?" आणि उत्तर मिळेपर्यंत ट्रकमधून खाली उतरत नाही.