वजन सारखं धरलं तर पहिलं कोण?

१. आज सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या बॉक्सिंग क्लबमध्ये सगळ्या वजनगटांची मिळून एकच क्रमवारी आम्हा दोन प्रशिक्षकांना, वस्तादांना आणि मला, ठरवायची होती.
२. जो पहिला येईल, तो पुण्याच्या शिबिराला जाणार. जागा एकच.
३. मी सायलीला पहिलं ठेवलं. वजन अठ्ठेचाळीस किलो.
४. वस्तादांनी रोहनला. वजन ब्याण्णव.

वस्ताद जुने पैलवान. आखाड्यात जो सगळ्यांना पाडतो तो पहिला, हा त्यांचा हिशोब. "समोर कुणालाबी उभं कर, रोहन पाडतोय. मग पयला कोण?"

मी म्हणाले, "सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर कोण सरस, एवढंच बघायचंय. सायलीचे ठोसे समोरच्याला जास्त लागतात आणि ती स्वतः कमी ठोसे खाते."

"सारखं वजन कुणाचं झालंय का कधी, इंजिनीअरबाई?"

सायली खाली बघत ग्लोव्हजची पट्टी उघडत होती, परत लावत होती.

तेवढ्यात रोहनच बोलला. "वस्ताद, सरावात मला ती घावतच न्हाय. माझं वजन तिच्याएवढं असतं, तर तिनं कवाच बडवलं असतं मला."

सगळे हसले. वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "पोरींच्या लढती मी कधी नीट बघितल्याच न्हाईत. रविवारी सायलीची लढत बघतो, मग ठरवू."

हे ते सगळ्यांसमोर म्हणतील, असं मला वाटलं नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकांनी दोघांच्याही लढती पाहिल्या आहेत. पहिलं कोण आणि का, ते शनिवारपर्यंत खाली लिहा. वजन हे कारण चालणार नाही.