उद्या येणार तुझी आई

मासवणच्या रस्त्याला आमचं बालगृह आहे. मी तिथेच वाढले आणि आता तिथेच मुलं सांभाळते. मुलं मला मावशी म्हणतात. प्रशिक्षण द्यायला बाहेरून एक ताई आल्या, तेव्हा कळलं की कागदावर आम्ही ‘काळजीवाहक’ आहोत. कपाळ माझं! मालवाहू टेम्पो असावा तसं वाटतं ते.

मी जरा तोंड फुगवूनच बसले होते. मुलांवर हात उचलायचा नाही, कोंडून ठेवायचं नाही, टोचून बोलायचं नाही, हे मला काय शिकवता? कान पिळून घेत मोठी झालेली बाई मी. माझ्या डोळ्यांदेखत कुणी पोराला चिमटा जरी काढला, तरी मी त्याचं घर उन्हात बांधीन.

शिवाय डोक्यात दुसरीच काळजी होती. पाऊस सरता सरता आमच्याकडे एक मुलगी आली होती, चारेक वर्षांची, डोंगराकडच्या पाड्यातली. आई मजुरीला गेली ती परतलीच नव्हती. पोरगी दिवसभर फाटकाचे गज धरून उभी. मनोरकडून एसटी आली, की टाचा उंच करायची. आणि जेवायची नाही. पेजेचे दोन घोट, बस्स. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पालघरला नेऊन सलाईन लावावं लागेल.

तिला सगळे एकच सांगायचे, “उद्या येणार तुझी आई, आता जेव बघू.” आमच्याकडे हे पूर्वीपासून चालत आलंय. मायेनंच म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

दुपारी ताईंनी जोड्या लावल्या. एकीनं मूल व्हायचं, दुसरीनं समजूत काढायची. मूल म्हणून मी फरशीवर बसले. माझी जोडीदारीण साताऱ्याकडची, नवरा बोईसरला कारखान्यात. जिवाला जीव देणारी बाई. मी खोटं खोटं रडायला लागले, तशा सगळ्या फिदीफिदी हसल्या. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि सवयीनं बोलून गेली, “गप गं माझी बाय. उद्या येतीया बघ तुझी आई.”

बाई गं! माझं खोटं रडं तिथंच थांबलं आणि खरं सुरू झालं.

माझी आई मला इथं ठेवून वीटभट्टीवर गेली, तेव्हा इथल्या मावशीनंही मला हेच सांगितलं होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला. रोज ठेवला. कान कुणी पिळला, छडी कुणी मारली, ते चेहरे आता आठवतसुद्धा नाहीत. पण तो ‘उद्या’ जात नाही. अजूनही एसटी थांबली, की मी हातातलं काम टाकून उतरणाऱ्या बायकांकडे बघते. म्हातारी झाली असेल आता. समोर आली तरी ओळखेन की नाही, देव जाणे. पण मला ती हवी आहे. या वयात हवी आहे, काय करू?

हे सगळं मी रागारागानं, सगळ्यांसमोर बोलून टाकलं. सातारकरीण पदर तोंडाला लावून बसली. ताईंनी हळूच विचारलं, “मग तुम्हाला काय सांगायला हवं होतं?”

“खरं,” मी म्हणाले.

बोलून बसले, आता निस्तरायला हवं होतं. संध्याकाळी ताट घेऊन फाटकाशी गेले आणि त्या पोरीशेजारी मातीत बसले. वरण आणि तांदळाची भाकरी होती.

“आय उद्या येल?” तिनं विचारलं.

हिनं आता अन्न पार सोडलं तर?

“मला नाय माहीत गं,” मी म्हणाले. “येईल की नाय, खरंच नाय माहीत. पण मी इथं हाय.”

ती रडली नाही. तेवढ्यात एसटी आली. ती उठली, मीही उठले. दोन माणसं उतरली, गाडी पालघरकडे गेली. आम्ही परत बसलो.

“तू कुनाला बगते?”

“माझ्या आईला.”

“आली नाय?”

“नाय आली.”

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. मग तिनं दुसरा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

“उद्या दोगी बगू,” ती म्हणाली.