अर्जातला एक शब्द

आमच्या विणकर पेठेत एकच मोकळी जागा होती. सकाळी तिथे सुताचे लांब ताणे ओढून धरून खळ लावायचे, म्हणजे पाजणी चालायची. नंतर मुलं खेळायची, आणि लग्नाच्या पंगतीही तिथेच उठायच्या.

सत्तरच्या दशकात तिथे सरकारी गोदाम होणार असं कळलं, तेव्हा पेठेने मंडळ काढलं. आमच्या घरांत तेलुगू बोलत, म्हणून सरकारला द्यायचा मराठी अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर होतो ना! मंडळाचे अध्यक्ष, एक म्हातारे विणकर, म्हणाले, "जागा खाळी हाय, खाळीच ऱ्हाऊ द्या, असं लिहा." तेलुगूत खाळी म्हणजे मोकळीही आणि रिकामीही. मी शहाण्याने लिहिलं, "ही जागा रिकामी आहे."

उत्तर आलं: जागा रिकामी असल्याचं मंडळालाच मान्य आहे, सबब बांधकामास हरकत नाही.

मी ते पाजणी चालू असताना वाचून दाखवलं. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी हातातला ताणा सोडला नाही.

"मास्तर, रिकामी म्हंजे तितं कुणीच न्हाय, असंच की?" ते म्हणाले. "मग आमी हितं कोण होतो?"