सहाणेवरचं जायफळ

"तोंड नीट धूत नसेल ती, दुसरं काय," आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी पडवीत सुपारी निवडत बसले होते. मधे फक्त एक खिडकी होती.

कॉलेजात असताना मी दिवसातून सहा-सात वेळा तोंड धुवायचे. साबणाने, मग बेसनाने, मग पुन्हा साबणाने. गाल ताणून दुखायचे आणि पुटकुळ्या जिथल्या तिथे. हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरात माझ्या चेहऱ्याचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठते. त्या दुपारी पाणी स्वयंपाकघरात होतं, म्हणून बसून राहिले.

"आंबे काय कमी खाल्लेन तिने?" आत्या म्हणाली.

"लग्न झालं की जातात म्हणे आपोआप," आई.

"आणि लग्न ठरायला त्या आधी जायला हव्यात. मग कसं करायचं?"

आई हसली. मलाही हसू आलं असतं, पण हे सगळं मी फार वेळा ऐकलं होतं.

मी उरणला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काम करते, शनिवार-रविवारी घरी येते. पनवेलला एका त्वचेच्या डॉक्टरांकडे माझं औषध चालू होतं. त्या म्हणाल्या होत्या, हे मळामुळे होत नाही, घासून जातही नाही. त्वचेच्या आत तेल जास्त तयार होतं, छिद्रं बुजतात. रात्री हे जेल लावायचं, तीन महिने. सुरुवातीला जास्तच दिसेल, घाबरून सोडू नका. आणि मधे वरून दुसरं काही लावू नका. सातवा आठवडा संपत आला होता. हनुवटीवर पहिल्यांदाच नवीन काही आलं नव्हतं.

ट्यूब मी पेनांच्या पाऊचमध्ये ठेवायचे. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी काकूने मेडिकलमध्ये नुसतं विचारून माझ्यासाठी एक क्रीम आणलं होतं. आठ दिवसांत चेहरा नितळ, घरभर कौतुक. थांबवल्यावर सगळं दुपटीने उठलं. त्यावरून घरात ठरलं की औषधं वाईट, आपलं घरचं बरं.

घरचं म्हणजे जायफळ. आमच्या वाडीत सुपारीच्या सावलीत जायफळाची दोन झाडं आहेत, आजोबांनी लावलेली. आत्या दर वर्षी आपल्या वाट्याची फळं मोजून नेते. पोट बिघडलं, जायफळ. मूल झोपत नाही, जायफळ. पुटकुळ्या आल्या, दुधात उगाळून जायफळ. ते नको म्हटलं तर झाडालाच नको म्हटल्यासारखं होतं. मागच्या दिवाळीत मी मुकाट्याने लावून घेतलं होतं. गाल पेटले होते. "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय," आत्या म्हणाली होती. त्याचे काळे डाग होळीपर्यंत होते. फोटोंत मी सगळ्यांच्या मागे उभी आहे.

आता आतून सहाणेवर उगाळल्याचा आवाज यायला लागला. संथ, गोल. मी हातातल्या सुपाऱ्या लहान-मोठ्या न बघताच टाकत होते. उठून वाडीत जाता आलं असतं. पण संध्याकाळी परत यावंच लागलं असतं, आणि वाटी तिथेच असती. जेलने आधीच सोललेल्या त्वचेवर ते लागलं असतं तर सात आठवडे फुकट. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बळ माझ्यात नव्हतं, एवढंच मला पक्कं माहीत होतं.

आत्या वाटी घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. मागे दारात आई पदराला हात पुसत उभी राहिली.

"डोळे मीट," आत्या म्हणाली. "आणि नाक मुरडू नकोस. आपल्या झाडाचं आहे."

मी डोळे मिटले नाहीत. तिचं बोट माझ्या गालाजवळ आलं तसं मी तिचं मनगट धरलं. ते किती बारीक झालंय हे मला माहीत नव्हतं. असं काही बोलायची वेळ आली की मला आधी इंग्रजीत सुचतं, मग मराठी जुळवेपर्यंत समोरचं माणूस निघून जातं. आज ती कुठेच जाणार नव्हती.

"आत्या, मी पनवेलला डॉक्टरकडे जाते," मी म्हणाले. "सात आठवडे झाले, अजून पाच राहिलेत. दिवाळीत झोंबलं ते लागू पडलं नव्हतं, भाजलं होतं. आता माझ्या तोंडाला कोणी काही लावायचं नाही."