चार मुद्द्यांची तक्रार

बातमीदाराच्या आयुष्यात छापून आलेल्या गोष्टी रद्दीत जातात आणि न छापलेल्या डोक्यात साठतात. महापालिका, कोर्ट, पोलीस ठाणी, सगळीकडे मी बत्तीस वर्षं फिरलो. पण किश्श्यांचा सगळ्यात मोठा ढीग जमला तो घाटकोपरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा. त्यातली एक ओळही छापली गेली नाही. का, ते पुढे येईलच. माझा राग अजून गेलेला नाही.

सुरुवात झाली ती आमच्या ऑफिसात आलेल्या एका पत्राने. टाइप केलेलं, खाली सही नाही. एक प्रत वाचनालयाच्या ट्रस्टला, एक आम्हाला. मुद्दे चार. एक, मागच्या खोलीत कॉलेजच्या मुलांचा इस्लामी वर्ग भरतो, त्याचा फार गोंगाट होतो. दोन, चपलांनी रस्ता अडतो. तीन, अनोळखी पोरंपोरी येतात-जातात. चार, आत त्यांना काय शिकवतात कुणाला ठाऊक नाही.

संपादकांनी चौथ्या मुद्द्याखाली लाल रेघ मारली आणि पत्र माझ्यासमोर टाकलं. "बघून ये."

निनावी पत्राची मला पहिल्यापासून चीड. माणसाने भांडावं तर नाव लावून भांडावं. मी तेच करत आलोय आणि त्याचे परिणाम माझ्या प्रमोशनवर दिसतात. पत्र पिशवीत घातलं. म्हटलं, आत काय चालतं ते बघूच, पण हा पत्रलेखक कोण तेही शोधू आणि त्याच्या दारात उभं राहून विचारू.

* * *

वर्ग घेणारे सरखोत सर. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मूळचे राजापूरचे, घरात कोकणी, वर्गात शुद्ध मराठी. विषय अखलाक, म्हणजे चारित्र्य, वागणूक. वीस-बावीस मुलं. कुणी इंजिनीअरिंगची, कुणी फार्मसीची, कुणी बीकॉमला दुसऱ्यांदा.

खोली ट्रस्टने एका वर्षापुरती दिलेली. त्याआधी सरांना चार ठिकाणी नकार मिळाला होता. वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये पाचवा मिळाला तर वर्ग बंद, हे सर्वांना माहीत होतं. किल्ली आणि अहवाल दोन्ही सेक्रेटरी कदमांच्या हातात. कदम देवगडचे, वडील गिरणीत, स्वतः इन्शुरन्समधून निवृत्त. दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे आणि अकराला पंखा बंद करायचे. अकरा म्हणजे अकरा. सरांचं वाक्य अर्धवट राहिलं तर ते पुढच्या रविवारी पूर्ण व्हायचं.

मी गेलो त्या दिवशीचा विषय होता खोटी साक्ष. मी वही सरसावून बसलो. सर म्हणाले, "मित्राची प्रॉक्सी लावणं ही खोटी साक्षच."

इरफान नावाचा मुलगा, नाहूरचा, हात वर करून म्हणाला, "सर, पण मैत्रीसाठी?"

"मैत्रीसाठी त्याला झोपेतून उठव ना रे."

मी वही मिटली. वर्ग सुटल्यावर सरांना विचारलं, "एवढंच शिकवता?"

"एवढंच. मी चाळीस वर्षं शिकवतोय, अजून कुणाला जमलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी इरफानने कॉलेजात भर वर्गात उभं राहून जाहीर केलं की रविवारच्या वर्गातल्याच मित्राच्या, तौसिफच्या, मागच्या महिन्याच्या अकरा हजेऱ्या आपण लावल्या होत्या. प्राध्यापकांनी अकराच्या अकरा खोडल्या. तौसिफ परीक्षेला मुकायच्या बेतात. रविवारी तो सरांसमोर येऊन रडकुंडीला आला.

सर इरफानला म्हणाले, "बाळा, कबुली आपल्या पापाची द्यायची असते. तू त्याच्या पापाची दिलीस."

"सर, पाप जॉइंट अकाउंटमध्ये होतं."

* * *

पुढच्या एका रविवारी सरांनी सांगितलं, कुणी बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर निरपराध माणसाचं नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, अशी कुराणाची आज्ञा आहे. सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी उठलो. "सर, हा टोमणा मला आहे का?"

"नाही हो. ही आज्ञा तुमच्या पेपरच्या चौदाशे वर्षं आधीची आहे."

तिथून पुढे वाट लागली. सना पारकर ही फार्मसीची मुलगी दर रविवारी आमचा पेपर घेऊन यायची आणि माझ्या बातमीवर बोट ठेवायची.

"काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"सूत्रांकडून कळलं."

"सूत्र म्हणजे कोण?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे निनावी पत्रासारखंच ना?"

बत्तीस वर्षांत मंत्र्यांनी मला गप्प केलं नव्हतं.

पण शहानिशेचा खरा बळी इरफान. त्याचा मेसेज आला, ताप आहे, येत नाही. सना म्हणाली, बातमी आली आहे, शहानिशा करायला हवी. ती, तिची मैत्रीण प्रज्ञा कांबळे आणि तौसिफ मोसंबी घेऊन नाहूरला त्याच्या घरी. ही प्रज्ञा बौद्ध घरातली. पहिल्यांदा आली ती सरांच्या घरून येणाऱ्या नानकटाईसाठी, टिकली ती सरांशी वाद घालण्यासाठी.

दार इरफानच्या आईने उघडलं. "तुम्ही इथे कसे? इरफान तर तुमच्याच वर्गाला गेलाय."

शेवटी निघालं असं की साहेब मढच्या एका बंगल्यात शूटिंगला होते. सिनेमातल्या लग्नात वऱ्हाडी म्हणून, फेटा बांधून. आईने मोसंबी ठेवून घेतली आणि इरफानला संध्याकाळी खरोखर ताप येईल याची व्यवस्था केली.

सरांनी विचारलं, "आईला एक सांगितलंस, आम्हाला दुसरं. का रे?"

"सर, दोघांना एकच सांगितलं असतं तर दोघांशीही खोटं बोलल्यासारखं झालं असतं."

सरांनी पुढचा विषय काढला. रसायनशास्त्रात असं काही येत नसावं.

* * *

मी बातमी लिहिली. साडेचारशे शब्द. मुलं येतात, चपला ओळीत काढतात, हजेरी, खोटं बोलणं, शेजाऱ्याचा हक्क यावर वाद घालतात, नानकटाई खातात, जातात.

संपादक म्हणाले, "यात बातमी कुठे आहे?"

"बातमी ही आहे की तक्रार खोटी आहे."

"ती बातमी होत नाही. मथळा देऊ या, 'वाचनालयात चाललंय तरी काय?'"

"चहा चाललाय," मी म्हणालो.

"प्रश्नचिन्ह आहे ना. आपण कुठे काही म्हणतोय?"

शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की बातमीदाराची जबाबदारी संपते, असा आमच्या धंद्यात गोड समज आहे. त्या एका चिन्हाने माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्यात. तो मथळा लागता तर ट्रस्टने दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावलं असतं. मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि चार तुकडे केले. संपादकांनी मला उद्धट म्हटलं. ते मात्र त्यांनी शहानिशा करून म्हटलं होतं.

बातमी संपली, पण मी रविवारी जातच राहिलो. पत्रलेखक सापडायचा होता. आणि नानकटाईही बरी होती.

* * *

मग आली गीबत. गीबत म्हणजे माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल असं बोलणं, जे त्याने ऐकलं तर त्याला लागेल. सरांनी सांगितलं, हे मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं आहे. मुलं हादरली. आणि जाता जाता सर म्हणाले, ज्याची गीबत केली त्याची माफी मागायला हवी. एवढ्यात अकरा वाजले आणि कदमांनी पंखा बंद केला. पुढचं वाक्य पुढच्या रविवारवर गेलं.

त्या एका आठवड्यात जे झालं त्याला मी कदमांना जबाबदार धरतो.

इरफान सोमवारीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेला. "सर, मी तुम्हाला बंद पडलेला एस्कलेटर म्हणायचो. माफ करा."

विभागप्रमुखांना हे नवीनच. "म्हणजे काय?"

"म्हणजे दिसायला भव्य, पण वर कुणालाच नेत नाहीत."

"आणखी कोण कोण म्हणतं?"

"ते सांगितलं तर पुन्हा गीबत होईल, सर."

तिकडे सनाने प्रज्ञाला सांगितलं, "तू गॅदरिंगला गायलीस ना, तेव्हा मी मैत्रिणींना म्हटलं होतं की शेपटीवर पाय पडलेली मांजर परवडली. मला माफ कर गं."

प्रज्ञा आठवडाभर बोलली नाही. रविवारी आली ती सरळ सरांवर. "सर, मला माहीत नव्हतं तोपर्यंत माझं मस्त चाललं होतं. हिचं पाप हलकं झालं, माझं गाणं गेलं. हा कुठला न्याय?"

तौसिफ तर एकवीस जणांची यादी घेऊन फिरत होता. त्यातले सात जण त्याला मारायला शोधत होते.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, वाक्य पूर्ण व्हायचं होतं. त्या माणसाला ठाऊकच नसेल आणि सांगून त्याचं मन जास्त दुखणार असेल, तर सांगू नका, असं कितीतरी जुन्या जाणकारांनी म्हटलंय. त्याच्यासाठी दुआ करा. आणि जिथे, ज्या लोकांसमोर त्याच्याबद्दल वाईट बोललात, तिथेच, त्याच लोकांसमोर त्याच्याबद्दल चांगलं बोला. खरं असेल तेच बोला, पण बोला."

साडेदहालाच पंखा बंद झाला. सगळे दाराकडे बघायला लागले. कदम आत आले होते.

"ता शेवटचा परत सांगा, सर. पंख्याच्या आवाजात माका ऐकाक येवक नाय."

सरांनी परत सांगितलं. कदमांनी पंखा चालू केला आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी अकराला पंखा बंद करायचं ते विसरले.

* * *

आता दुसरी साथ आली, स्तुतीची. पहिली बरी होती.

इरफान कॅन्टीनमध्ये टेबलाजवळ उभा राहून म्हणाला, "आपले विभागप्रमुख वेळेचे फार पक्के आहेत." सगळं कॅन्टीन पोट धरून हसलं. सनाने तर प्रज्ञाला मैत्रिणींसमोर उभं करून सांगितलं, "हिचे शब्दोच्चार स्पष्ट आहेत." त्याहून जास्त खरं तिला सापडत नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, "राहू दे, मांजरच बरी होती."

हळूहळू मुलांना अर्थ लागला. कुणी विनाकारण चांगलं बोललं की समजायचं, आधी काहीतरी बोलून झालंय. तौसिफच्या कानावर आलं की इरफान त्याला मनाने फार मोठा म्हणाला. तो धावत जाऊन इरफानची कॉलर धरून म्हणाला, "काय बोललास माझ्याबद्दल? कधी बोललास?"

एकदा सगळ्यांसमोर सना मला म्हणाली, "काका, तुमची भाषा फार छान आहे."

"काय बोललीस माझ्याबद्दल?"

"काही नाही काका. खरंच छान आहे."

मी अजून अस्वस्थ आहे.

* * *

वर्ष संपलं. ट्रस्टची मीटिंग लागली, विषय क्रमांक तीन, मागची खोली. त्याच्या आदल्या दिवशी मला कदमांचा फोन आला. वर्षभरात हा माणूस माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलला नव्हता.

"पत्रकारसायब, उद्या तुमी येऊक होया."

"मी ट्रस्टचा सभासद नाही, कदम."

"नसलात तरी. ता पत्र घेऊन येवा. तुमी येवसर मी मीटिंग सुरू करूचंय नाय."

गेलो. टेबलाभोवती ट्रस्टचे सात जण, एका कडेला सरखोत सर, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. दारात सना, प्रज्ञा आणि इरफान. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "त्या खोलीबद्दल एक पत्र आलं होतं, सगळ्यांनी वाचलंच आहे. सेक्रेटरींचं म्हणणं काय?"

कदम उठले. वर्षभरात त्यांनी कुणाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. देवगडच्या हापूसलासुद्धा ते 'ठीक' म्हणायचे. खिशातून घडी घातलेला कागद काढला, खाकरले आणि माझ्याकडे बघून मराठीत, अगदी पुस्तकी मराठीत वाचायला लागले.

"एक. सरखोत सरांच्या वर्गात गोंगाट होत नाही. मला पेपर वाचताना कधी त्रास झाला नाही."

मी पिशवीतून पत्र काढलं आणि मांडीवर उलगडलं.

"दोन. मुलं चपला ओळीत काढतात. जाताना माझ्यासुद्धा सरळ करून ठेवतात."

माझं बोट दुसऱ्या मुद्द्यावर गेलं. दारातून सना माझ्या बोटाकडे बघत होती.

"तीन. येणारी पोरंपोरी अनोळखी नाहीत. मी प्रत्येकाला नावाने ओळखतो. तो इरफान, ती सना, ती वाद घालणारी प्रज्ञा."

सर मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"चार. आत काय शिकवतात ते मला ठाऊक आहे. मी दाराबाहेर बसून वर्षभर सगळं ऐकलंय."

अध्यक्ष म्हणाले, "मग काही प्रश्नच नाही." सात हात वर झाले. खोली आणखी तीन वर्षांसाठी मिळाली. इरफानने दारातच शिट्टी मारली आणि प्रज्ञाने त्याच्या डोक्यात टपली मारली.

कदम मात्र अजून उभेच होते. कागदाची घडी घातली, रुमालाने मान पुसली, आणि टेबलाच्या त्या टोकावरून मला विचारलं, "सगळे मुद्दे इले मा?"

मी पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आले," मी म्हणालो.

मग ते बसले.